वाचक विचारतात : घरच्या वर्कशॉपसाठी मिग मशीन कोणते घ्यावे?

मिग वेल्डिंग म्हणजे सतत पुढे येणारी वायरच वितळवून, बहुधा गॅसच्या कवचात, केलेला जोड. त्याविषयी आलेल्या पत्रांपैकी मशीनच्या निवडीचे आणि नव्या मशीनच्या तक्रारींचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. जवळजवळ प्रत्येक उत्तरात एक गोष्ट सांगावी लागली, म्हणून ती आधीच सांगतो. मशीनवर ठळक छापलेला अँपिअरचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी आपल्या पत्र्याची जाडी, मग घरातले सॉकेट, मग गॅस.

प्रश्न : माझ्याकडे रॉडचे आर्क मशीन आहे. बहुतेक काम दीड-दोन मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचे असते : जाळ्या, स्टँड, टेबलांच्या फ्रेम. कधीमधी ५ मिलिमीटरचा अँगल. पातळ पाइपला रॉडने भोके पडतात म्हणून मिग घ्यायचे आहे. १६०, २०० आणि २५० अँपिअर अशी तीन मशीने पाहिली. जितके मोठे तितके बरे, असे समजावे का?

उत्तर : नाही. आधी तुमच्या कामाचा हिशेब मांडू. साध्या लोखंडाला जाडीच्या दर मिलिमीटरमागे साधारण ४० अँपिअर लागतात. हा ढोबळ नियम ३-४ मिलिमीटरपर्यंत चांगला लागू पडतो. म्हणजे दीड मिलिमीटरला ६०, दोनला ८०, तीनला १२०. पाच मिलिमीटरच्या अँगलला मात्र दोनशे लागत नाहीत, १५० ते १७० पुरतात. तुमचे रोजचे काम ६० ते १२० अँपिअरच्या पट्ट्यात बसते आणि अधूनमधूनच १७० पर्यंत जाते.

मग १६० का नको? कारण ड्यूटी सायकल. पाटीवर '२०० अँपिअर, २५ टक्के' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, दहा मिनिटांपैकी अडीच मिनिटे २०० अँपिअरवर आर्क चालवा आणि साडेसात मिनिटे मशीन थंड होऊ द्या. करंट कमी केला की ही मुदत झपाट्याने वाढते, कारण आतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात निर्माण होते. हेच मशीन १३० अँपिअरवर चालवले तर हिशेब असा होतो : २५ × (२०० ÷ १३०)², म्हणजे सुमारे ५९ टक्के. दहातली जवळपास सहा मिनिटे आर्क चालू ठेवता येईल. घरच्या कामात जॉब लावणे, टाके मारणे, गुण्या लावून काटकोन तपासणे यातच निम्म्याहून जास्त वेळ जातो, त्यामुळे ही मुदत भरपूर आहे. १०० अँपिअरला ते थांबे न घेताही चालेल. १६० चे मशीन, त्यातही २० टक्क्यांचे असेल, तर १३० ला ३० टक्क्यांवर येते आणि भर कामात मशीन तापल्याचा थर्मल दिवा लागतो.

टक्केवारी कोणत्या तापमानाला मोजली आहे तेही पाटीवर किंवा माहितीपत्रकात पाहा. आयईसी ६०९७४-१ या मानकाप्रमाणे ती ४० अंश सेल्सिअसला मोजायची असते. २० किंवा २५ अंशांना मोजलेला आकडा फुगलेला असतो. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात तो खरा ठरत नाही. आणि पाटीवर ड्यूटी सायकल मुळीच लिहिलेली नसेल तर ते मशीन घेऊ नका, मग आकडा कितीही मोठा असो.

पातळ पाइपसाठी वरच्या टोकापेक्षा खालचे टोक महत्त्वाचे. मशीन ३०-४० अँपिअरला, १५-१६ व्होल्टवर, आर्क न तुटता चालते का, हे दुकानात १ मिलिमीटरच्या तुकड्यावर चालवून पाहा. २५० ची काही मशीने जाड कामासाठीच बांधलेली असतात आणि खाली आली की अडखळतात. शिवाय २५० चे मशीन पूर्ण ताकदीने चालवायला लागणारी वीज घरात नसते. तुमच्या कामाला २०० च्या वर्गातले, व्होल्टेज आणि वायरचा वेग या दोहोंसाठी स्वतंत्र नॉब असलेले मशीन योग्य.

प्रश्न : शेडमध्ये १६ अँपिअरचे एकच सॉकेट आहे. त्यावर २०० अँपिअरचे मशीन चालेल का? मशीन २०० अँपिअर देते तर ते मीटरवरूनही २०० ओढते का?

उत्तर : ओढत नाही. आउटपुटला २०० अँपिअर असतात ते २४ व्होल्टच्या आसपास. मेनमधून ते २३० व्होल्टवर घेतले जाते, म्हणून करंट बराच कमी असतो. तरीही १६ च्या सॉकेटला तो जास्तच आहे.

मिगसाठी आउटपुट व्होल्टेजचा मानक हिशेब १४ + (०.०५ × अँपिअर) असा आहे. २०० अँपिअरला २४ व्होल्ट, म्हणजे ४,८०० वॉट. साध्या इन्व्हर्टर मशीनची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या वर आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, ०.७ च्या आसपास धरला तर मेनमधून ३५ अँपिअरच्या घरात करंट लागेल. १६ चा एमसीबी, म्हणजे जास्त करंट आला की लाइन तोडणारा स्विच, थोड्याच वेळात पडणार. आता १२० अँपिअर घ्या : २० व्होल्ट, २,४०० वॉट, मेनमधून सुमारे १८ अँपिअर. हे सलग नसते, मध्ये थांबे असतात. ६० टक्के वापर धरला तर परिणामी करंट १४ च्या जवळ येतो. म्हणून तुमच्या सॉकेटवर २०० चे मशीन ११०-१२० अँपिअरपर्यंत नीट चालेल, म्हणजे ३ मिलिमीटरपर्यंतचे काम होईल. त्यापुढे जायचे तर मीटरपासून वेगळी लाइन ओढा : ३२ अँपिअरचे औद्योगिक सॉकेट आणि त्याला साजेशी तांब्याची केबल. हे काम इलेक्ट्रिशियनचे आहे, आणि मंजूर लोड तेवढा आहे का हे त्याने आधी पाहायला हवे.

आकडेमोड टाळायची असेल तर पाटीवर 'आय१ इफेक्टिव्ह' शोधा. ड्यूटी सायकल गृहीत धरून मशीन मेनमधून परिणामी किती करंट घेते, ते तिथे दिलेले असते. केबल आणि फ्यूज त्यावरून ठरवतात. शेजारी 'आय१ मॅक्स' असतो, तो पूर्ण ताकदीच्या क्षणाचा. 'पीएफसी' म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारी जोडणी असलेली मशीने तेच काम बऱ्याच कमी करंटमध्ये करतात. ज्यांच्याकडे व्होल्टेज पडते किंवा लाइन कमकुवत आहे त्यांनी जास्तीचे पैसे इथे घालावेत, डिजिटल डिस्प्लेवर नाही.

एमसीबी 'सी' प्रकारचा बसवा. मशीन चालू करताच कपॅसिटर भरण्यासाठी क्षणभर मोठा करंट येतो आणि 'बी' प्रकारचा एमसीबी विनाकारण पडतो. एक्स्टेन्शन बोर्ड लागणारच असेल तर केबल किमान २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, लांबी २० मीटरच्या आत, आणि वापरताना पूर्ण उलगडलेली. गुंडाळलेल्या केबलची उष्णता आतच कोंडते. इन्सुलेशन वितळण्याचे हे नेहमीचे कारण. घरातला १ चौरस मिलिमीटरचा बोर्ड या कामाला लावूच नका.

जनरेटरबद्दलही विचारणा असते. १२० अँपिअरवर काम करायला ६ ते ७ केव्हीए आणि चांगला व्होल्टेज रेग्युलेटर असलेला जनरेटर हवा.

प्रश्न : गॅसचा सिलिंडर भरून आणणे आमच्याकडे कठीण आहे. 'गॅसशिवाय चालणारे मिग' मिळते. ते घ्यावे का? आणि गॅस घ्यायचाच तर शुद्ध सीओटू (कार्बन डायऑक्साइड) की आर्गॉन मिश्रण?

उत्तर : गॅसशिवाय चालते ती फ्लक्स-कोअर वायर. तिच्या पोटात फ्लक्सची पूड भरलेली असते. ती जळून स्वतःचे संरक्षण स्वतः तयार करते. उघड्यावर, वाऱ्यात, गेटवर चढून काम करायचे असेल तर ही वायर फार उपयोगी आहे, कारण गॅसचे कवच थोड्या वाऱ्यानेही उडते. पण धूर जास्त, छर्रे (उडून चिकटणारे धातूचे थेंब) जास्त, आणि प्रत्येक जोडावरून खपली काढावी लागते. १ मिलिमीटरच्या पत्र्यावर ती त्रास देते. वायर घेताना पाकिटावरची श्रेणी वाचा : 'ई७१टी-जीएस' ही फक्त एकाच थराच्या वेल्डसाठी आहे, थरावर थर द्यायचे असतील तर 'ई७१टी-११' घ्या.

फसगत होते ती मशीन निवडताना. काही लहान मशीने फक्त याच वायरसाठी बनवलेली असतात. त्यांना मागे गॅसचा नळ नसतो, आत गॅस व्हॉल्व्ह नसतो आणि पोलॅरिटी बदलता येत नाही. घन वायर आणि गॅस वापरताना टॉर्च, म्हणजे हातात धरायचा वायर सोडणारा भाग, पॉझिटिव्हला असतो. गॅसविरहित फ्लक्स-कोअरला तो निगेटिव्हला लागतो. म्हणून दोन्ही प्रकार चालणारे, पुढच्या बाजूला किंवा झाकणाखाली पोलॅरिटी बदलायची सोय असलेलेच मशीन घ्या. आज गॅस मिळत नसला तरी पुढे मिळेल. पोलॅरिटी उलटी राहिली तर फ्लक्स-कोअरचा आर्क फटफट उडतो, छर्रे सगळीकडे होतात आणि जोड वर उंच, खाली न रुतलेला येतो. नव्या मशीनवर 'वायर खराब आहे' अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा हेच तपासा.

गॅसचे म्हणाल, तर घरच्या कामासाठी दोन्ही चालतात. शुद्ध सीओटू स्वस्त पडतो, खोल रुततो, पण छर्रे जास्त आणि आर्क थोडा खरखरीत. आर्गॉनमध्ये १८ ते २५ टक्के सीओटू असलेल्या मिश्रणाने आर्क मऊ होतो, जोड पसरट आणि साफ दिसतो, पातळ पत्र्याला भोक पडण्याचा धोका कमी होतो. गॅस बदलला की सेटिंगही बदलावे लागते : मिश्रणावरून सीओटूवर जाताना व्होल्टेज एक-दीडने वाढवा. बहुतेक काम २ मिलिमीटरच्या आतले असेल तर मिश्रण घ्या, ग्राइंडिंगचा वेळ वाचतो. अँगल-चॅनलचे काम जास्त असेल तर सीओटू.

किती पुरेल याचा अंदाज असा. प्रवाह मिनिटाला १० लिटर धरा. एक किलो सीओटूचा साधारण ५४० लिटर वायू होतो, म्हणजे ५४ मिनिटे आर्क. आर्गॉन मिश्रणाच्या बाबतीत सिलिंडरचे पाण्याचे माप गुणिले दाब : १० लिटरचा सिलिंडर १५० बारवर म्हणजे १,५०० लिटर, अडीच तास. मिश्रणाचा गेज गॅस संपत जाईल तसा उतरतो. सीओटूचा उतरत नाही. तो सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि शेवटचा थेंब उडेपर्यंत दाब तसाच राहतो, २० अंशांना सुमारे ५७ बार. त्यामुळे सीओटूचा सिलिंडर वजनावर मोजायचा. रिकामे वजन गळ्याजवळ कोरलेले असते. तो नेहमी उभा ठेवा, भिंतीला साखळीने बांधून. आडवा ठेवला तर द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो. तळापर्यंत नळी असलेले, द्रव काढण्यासाठीचे सिलिंडरही मिळतात; ते आपल्या कामाचे नाहीत.

सलग काम केले की सीओटूचा रेग्युलेटर गोठतो. द्रवाचा वायू होताना आणि दाब उतरताना उष्णता खेचली जाते, हे त्याचे कारण. प्रवाह डगमगू लागतो आणि जोडात बारीक भोके येतात. त्यासाठी हीटर लावतात. काही मशीनच्या पाठीमागे हीटरसाठी ३६ व्होल्टचे सॉकेट असते. ते आहे का पाहा आणि हीटर त्याच व्होल्टेजचा घ्या. आर्गॉन मिश्रणाला हीटर लागत नाही. दोन्हींचे रेग्युलेटर वेगळे घ्या : व्हॉल्व्हचे आटे बहुतेक ठिकाणी वेगळे असतात आणि एका गॅससाठी आखलेला फ्लोमीटर दुसऱ्याचा प्रवाह चुकीचा दाखवतो.

प्रश्न : मिग, टिग आणि रॉड तिन्ही चालणारे एकच मशीन घेतले तर ॲल्युमिनियमही करता येईल का?

उत्तर : टिगने, म्हणजे टंगस्टनच्या टोकावरच्या आर्कने केलेल्या वेल्डने, नाही. अशा मशीनचे टिग बहुधा डीसी असते आणि ॲल्युमिनियमच्या टिगला एसी लागतो, कारण वरचा ऑक्साइडचा थर त्यानेच फुटतो. डीसी टिगवर लोखंड आणि स्टेनलेस होईल, पण त्याला वेगळा टॉर्च आणि शुद्ध आर्गॉन लागेल. मिगचे मिश्रण चालत नाही, त्यातला सीओटू टंगस्टन जाळतो. रॉडची सोय मात्र खरोखर कामाची आहे. गंजलेल्या जाड लोखंडाला किंवा मोकळ्या जागी ती लागतेच.

मिगने ॲल्युमिनियम होते. शुद्ध आर्गॉन, ५३५६ किंवा ४०४३ श्रेणीची १ मिलिमीटरची वायर, यू आकाराच्या खाचेचे रोलर, टेफ्लॉनचा लायनर (टॉर्चच्या केबलमधली, वायर जाण्याची नळी) आणि शक्य तितका आखूड, सरळ टॉर्च. वायर मऊ असल्याने ढकलताना दुमडते, म्हणून स्पूल टॉर्चवरच बसवलेली स्पूल गन जास्त भरवशाची. २ मिलिमीटरच्या आतले ॲल्युमिनियम मिगने करायला जाऊ नका. वर्षातून एखादेच काम असेल तर ते बाहेरून करून घ्या आणि मशीन लोखंडासाठी निवडा.

प्रश्न : नॉबवाले मशीन घ्यावे की सिनर्जिक? मी नवीन शिकतो आहे.

उत्तर : सिनर्जिक मशीनला वायरची जाडी आणि गॅस सांगितला की एकच नॉब फिरवून वेग आणि व्होल्टेज जोडीने बदलतात. शिकणाऱ्याला सोपे पडते. पण त्यात व्होल्टेज थोडे वर-खाली करायची मुभा असलीच पाहिजे, आणि पूर्ण हाताने लावायची सोयही असावी. आतला तक्ता तुमची वायर, तुमची लाइन, तुमचा अर्थ क्लॅम्प ओळखत नाही.

हाताने लावणे कठीण नाही. मिगमध्ये करंट वायरच्या वेगावर ठरतो आणि व्होल्टेजवर आर्कची लांबी. ०.८ मिलिमीटरच्या वायरला १०० अँपिअरमागे मिनिटाला साधारण ५ मीटर वेग लागतो. ३ मिलिमीटरच्या प्लेटसाठी ६ मीटर लावा, व्होल्टेज १७ वरून सुरू करा, आणि तशाच टाकाऊ तुकड्यावर दर वेळी अर्ध्या व्होल्टने वाढवत जा. व्होल्टेज कमी असेल तर वायर प्लेटवर टोचते, हाताला मागे धक्के बसतात आणि जोड दोरीसारखा वर राहतो. जास्त झाले की फुसकारा येतो, मोठे थेंब पडतात आणि कडा कोरल्या जातात. मधल्या जागी सलग, एकसारखा तडतडाट ऐकू येतो. तो १९-२० च्या आसपास सापडेल. मग तो आकडा आणि वेग पेन्सिलने मशीनवरच लिहून ठेवा. २ मिलिमीटरला साधारण ४ मीटर आणि १७ ते १८.५ व्होल्ट इथून सुरुवात करा.

इंडक्टन्सचा नॉब असेल तर तो मध्यावर ठेवून शिका. वाढवला की आर्क मऊ होतो आणि छर्रे कमी होतात. कमी केला की आर्क तीक्ष्ण होतो.

प्रश्न : जुने ट्रान्सफॉर्मरचे मिग मशीन मिळते आहे. दणकट असते म्हणतात. घ्यावे का?

उत्तर : दणकट असते हे खरे. पण सगळ्यात आधी पाटीवर फेज पाहा. कारखान्यातून निघालेली बरीच मशीने थ्री-फेजची असतात आणि घरच्या सिंगल फेजवर ती चालत नाहीत. सिंगल फेजचे असेल तर व्होल्टेजच्या स्विचचा प्रत्येक टप्पा लावून मल्टिमीटरने आउटपुटचे मोकळे व्होल्टेज मोजा. ते पायरीपायरीने वाढले पाहिजे. एखादा टप्पा मेला असेल तर स्विचचा कॉन्टॅक्ट जळला आहे. सगळेच टप्पे कमी दाखवत असतील, आर्कवर घरघर आणि छर्रे फार असतील, तर रेक्टिफायरचा डायोड गेला असण्याची शक्यता मोठी. वायरचा मोटर मंद वेगालाही अडखळू नये. टॉर्च जीर्ण असेल तर त्याची किंमत मनात धरूनच सौदा करा. लहान ट्रान्सफॉर्मर मशीनला व्होल्टेजचे मोजकेच टप्पे असतात, त्यामुळे १ मिलिमीटरच्या पत्र्याला नेमके सेटिंग मिळेलच असे नाही.

नवे घ्यायचे तर इन्व्हर्टर. हलके, कमी वीज घेणारे, व्होल्टेज सलग बदलता येणारे. त्याचा शत्रू म्हणजे ग्राइंडरची लोखंडी धूळ : पंखा ती आत ओढतो आणि ती कार्डावर (आतल्या सर्किट बोर्डवर) बसून शॉर्ट होते. मशीनकडे ठिणग्या उडतील असे ग्राइंडिंग कधीही करू नका. महिन्यातून एकदा प्लग काढून, कपॅसिटर उतरायला काही मिनिटे जाऊ देऊन, जाळीतून कोरडी हवा कमी दाबाने मारा. आणि घेण्यापूर्वी विचारा की कार्ड सुटे मिळते का, दुरुस्ती कोण करते. यावर नेमके उत्तर मिळाले नाही तर दुसरे मशीन पाहा.

प्रश्न : नवे मशीन घेतले. दर दहा मिनिटांनी वायर रोलरजवळ गुंता करते किंवा टिपला चिकटते. मशीन सदोष आहे का?

उत्तर : बहुतेक वेळा नसते. वायर टॉर्चमधून सरळ, एकसारखी निघाली पाहिजे. मिगच्या निम्म्याहून अधिक तक्रारी या वाटेतच असतात. तपासणी या क्रमाने करा.

टिप (टोकाची, वायर बाहेर येते ती तांब्याची नळी) आणि नोझल (तिच्याभोवतीचे गॅसचे टोपण) काढा, टॉर्च सरळ धरा, ट्रिगर दाबा. वायर सुरळीत आली तर दोष टिपचा. ०.८ ची वायर ०.८ च्याच टिपमधून जायला हवी. भोक अंडाकृती झाले किंवा आत छर्रा बसला तर टिप फेकून द्या, ती घासून वाचवण्याची वस्तू नाही. तरीही अडखळत असेल तर रोलरचा दाब सोडा आणि टॉर्चकडून वायर पकडीने ओढा. ती जड येत असेल तर लायनर घाण झाला आहे, वाकला आहे किंवा चुकीच्या मापाचा आहे. सहज येत असेल तर रोलर पाहा. बहुतेक रोलरला दोन खाचा असतात, ०.८ आणि १.० च्या, कारखान्यातून आलेले मशीन मोठ्या खाचेवर असणे नेहमीचेच. वायर ज्या खाचेत बसते ती तिच्या मापाची करा. घन वायरला व्ही खाच, फ्लक्स-कोअरला दातेरी.

दाब किती द्यायचा? टॉर्च लाकडाच्या ठोकळ्यापासून पाचेक सेंटिमीटरवर, तिरपा धरून वायर सोडा. लाकडावर आदळून ती वळत जायला हवी. रोलर घसरला तर दाब थोडा वाढवा. दाब गरजेपेक्षा जास्त असेल तर पुढे वाट अडल्यावरही रोलर ढकलतच राहतो, आणि तोच गुंता. स्पूलचा ब्रेक इतकाच घट्ट की ट्रिगर सोडल्यावर स्पूल पुढे फिरत राहू नये.

टिपला चिकटण्याचे कारण उलटे : वायर कमी, व्होल्टेज जास्त. वेग थोडा वाढवा, टिप जॉबपासून १० ते १२ मिलिमीटरवर ठेवा, आणि ट्रिगर सोडल्यावर वायर किती वेळ जळत राहते ते ठरवणारा बर्न-बॅकचा नॉब असेल तर तो कमी करा. नवी वायर घालताना टोक तिरपे कापलेले असेल तर ते लायनरला आतून ओरखडते. ते सरळ कापून कानशीने गोल करा.

मशीन निवडतानाच यातले बरेच टाळता येते. वायर ढकलणारा भाग धातूचा असावा, प्लास्टिकचा नको. टॉर्चला युरो कनेक्टर असावा, म्हणजे टॉर्च बिघडला तर मशीन न उघडता बदलता येतो. २०० च्या मशीनला 'एमबी १५' वर्गाचा टॉर्च पुरतो : सीओटूवर १८० अँपिअर, मिश्रणावर १५०, दोन्ही ६० टक्के ड्यूटीला. लांबी ३ मीटर, ०.८ च्या वायरला याहून लांब केबल त्रासाची. आत ५ किलोचे स्पूल बसले पाहिजे. १ किलोचे ०.८ चे स्पूल म्हणजे सुमारे २५० मीटर वायर, ६ मीटर वेगाने चाळीसेक मिनिटांत संपते आणि किलोमागे महागही पडते. ५ किलोचे साडेतीन तास आर्क देते. वायर 'ईआर७०एस-६' श्रेणीची घ्या. तिच्यातले मँगनीज आणि सिलिकन थोडाफार गंज पचवतात.

प्रश्न : जोड दिसायला सुंदर येतो, पण ६ मिलिमीटरच्या प्लेटचा एक तुकडा हातोड्याने सुटून आला. वायर खराब असेल का?

उत्तर : वायर नाही, उष्णता कमी पडली. घरात करतो ते मिग बहुतांशी शॉर्ट-सर्किट पद्धतीचे असते : वायर प्लेटला टेकते, थेंब सुटतो, पुन्हा टेकते, सेकंदाला अनेक वेळा. पातळ पत्र्याला हे वरदान आहे. जाड प्लेट मात्र उष्णता इतकी पटकन ओढून घेते की वितळलेले धातू वर नुसते बसून राहते, खालची प्लेट वितळतच नाही. वरून काहीच कळत नाही. रॉडच्या वेल्डमध्ये दोष सहसा डोळ्यांना दिसतो, मिगमध्ये तो छान दिसणाऱ्या जोडाखाली लपतो. म्हणूनच आम्ही याबाबत इतके कडक आहोत.

६ मिलिमीटरला करंट १७० च्या पुढे न्या, कडांना ३० अंशांचा उतार द्या, २ मिलिमीटरची फट ठेवा आणि दोन थरांत भरा. प्लेटवरची काळी साल ग्राइंडरने काढा. आर्क वितळलेल्या तळ्याच्या पुढच्या कडेवर ठेवा; धातू आर्कच्या पुढे धावला की तो थंड प्लेटवर पसरतो. जाड प्लेटवर वरून खाली येणारा वेल्ड करू नका, खालून वर जा. अर्थ क्लॅम्प घासून चमकवलेल्या जागी, जोडाजवळ लावा. मशीनसोबत आलेला पातळ पत्र्याचा क्लॅम्प गरम होत असेल तर तिथेच व्होल्टेज वाया जाते आहे. पितळेचा जड क्लॅम्प घ्या.

नवे सेटिंग वापरण्याआधी त्याच जाडीच्या दोन पट्ट्या टी आकारात लावा, फक्त एका बाजूने वेल्ड करा, शिकंजात धरून उभी पट्टी वेल्डच्या बाजूला हातोड्याने पाडा. यात जोडाचे मूळ ताणले जाते. तुटलेच तर आत पाहा : प्लेटची मूळ सरळ कड, ग्राइंडरच्या रेषांसकट, तशीच दिसली तर धातू एकजीव झालेला नाही. गाडीचे स्टिअरिंग वा चेसिस, ओढणीचे हूक, उचलण्याची साधने, दाबाच्या टाक्या ही कामे घरच्या मिगवर करू नका, चाचणी पास झाली तरी.

प्रश्न : जीआय पाइपला वेल्ड केल्यावर रात्री थंडी वाजून ताप आला. मशीनच्या गॅसमुळे का?

उत्तर : जस्ताच्या धुरामुळे असण्याची शक्यता जास्त. जस्ताचा मुलामा जळताना पांढरा धूर निघतो. तो श्वासात गेल्यावर काही तासांनी थंडी, ताप, अंगदुखी येते. डॉक्टरांना हे काम केल्याचे जरूर सांगा. पुढच्या वेळी जोडाच्या दोन्ही बाजूंचा २-३ सेंटिमीटर मुलामा ग्राइंडरने काढा, तोही मास्क लावून. धूर डोक्यापासून दूर जाईल अशी हवा ठेवा आणि धातूच्या धुरासाठीचा पी२ किंवा त्याच तोडीचा मास्क वापरा. साधा कापडी रुमाल हा धूर अडवत नाही. बंद खोलीत गॅसचाही धोका असतो : सीओटू आणि आर्गॉन दोन्ही हवेपेक्षा जड, खाली साठतात आणि प्राणवायूची जागा घेतात.

याहून गंभीर गोष्ट : ब्रेक क्लीनरने पुसून जोड वेल्ड करू नका. त्यातल्या काही प्रकारांत क्लोरीनयुक्त द्रावक असते आणि आर्कच्या उष्णतेने व अतिनील किरणांनी त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. तेल काढायला ॲसिटोन वापरा, ते पूर्ण उडू द्या, डबा आणि चिंधी खोलीबाहेर ठेवा, मगच आर्क लावा.

हेल्मेट ९ ते १३ शेडपर्यंत बदलता येणारे घ्या. १०० अँपिअरच्या आसपास १० किंवा ११ शेड ठेवा. पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, चामड्याचे हातमोजे. नायलॉन, पॉलिएस्टर अंगावर नको, ते वितळून कातडीला चिकटते. काम संपल्यावर अर्धा तास शेड सोडून जाऊ नका. भुशात किंवा चिंधीत पडलेली ठिणगी उशिरा पेट घेते.

टिप, नोझल आणि एक जास्तीचा लायनर मशीनसोबतच मागून घ्या. कामाच्या मध्यावर याच तीन गोष्टी संपतात.